डुकराच्या पेशी आणि अप्पांची गणाराधना

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. दानेश्वरीस दोडप्पांचा आशीर्वाद.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू गप्प बसतेस आणि तुझं गप्प बसणं मला कळत नाही. कागदावर गप्प बसलीस तर निदान कोरा कागद तरी हातात येईल.

गुरुवारी दुकानात वैरागचं एक गिऱ्हाईक आलं होतं. शेंगाचटणी बांधून घेता घेता म्हणालं, "शेटजी, तुमची पुतणी आमच्याकडं माळावरच्या डुकरांच्या कंपनीत हाय की." दुकानात आणखी माणसं होती. मी म्हणालो, आमची पुतणी पेशींच्या प्रयोगशाळेत आहे, तुमची काहीतरी गफलत होतेय. तर म्हणतो, "पेशी डुकराच्याच की वो." सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

दानू, हे खरं आहे का? दोन वर्षं तू नुसतं "पेशींचं काम" म्हणत आलीस. आपण लिंगायत. आपल्या घरात कधी अंडं आलं नाही. तुझ्या गळ्यात इष्टलिंग आहे, ते तुझ्या अप्पांनी तू पाळण्यात असताना बांधून घेतलं.

संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा उरकली की तुझ्या अप्पांच्या पुण्यतिथीची गणाराधना. ते गेल्यापासून दरवर्षी स्वामींची पाद्यपूजा तूच करतेस, त्यांना दुसरं मूल नाही. यंदाचं काय करायचं? स्वामींचं म्हणणं असं पडलं की तू एक तर ते काम सोडावंस, नाहीतर पूजेला बसू नयेस आणि लिंग उतरवून देवघरात ठेवावंस. समाजाचे पुढारी मल्लप्पाही विचारत होते.

तुझ्या अव्वाला अजून काही बोललो नाही. उत्तर टेम्पोवाल्याकडे दे, तो मंगळवारच्या बाजाराला चटणी घेऊन तिकडे येतो.

शंकरप्पा

*

वैराग
१२ नोव्हेंबर २०२५

दोडप्पा,

खरं आहे. पेशी डुकराच्या आहेत. कोणत्या प्राण्याच्या, हे अव्वाशिवाय घरात कोणी विचारलं नाही. तिने पहिल्याच महिन्यात विचारलं, तेव्हा तिला सांगितलं.

काम काय आहे ते लिहिते, म्हणजे दुकानात कोणी बोललं तर तुम्हाला बरोबर सांगता येईल. माणसाला डुकराचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर ते लगेच नासवून टाकतं, कारण ते परकं आहे हे त्याला ओळखू येतं. म्हणून डुकराच्या पेशीतच माणसाची काही जनुकं घालायची, म्हणजे शरीराचा हल्ला सौम्य होतो. पूर्वीही जनुकं घालत, पण ती कुठेही पडत. चालू मागावर डोळे मिटून धागा फेकावा तसं. कधी नक्षी बिघडे, कधी धागा दिसतच नसे. आता चादरीतली नेमकी ओळ शोधता येते. तिथे काप द्यायचा, आणि पेशी तो काप सांधत असताना आपलं जनुक तिथे बसवायचं. बाकीची नक्षी जशीच्या तशी राहिली पाहिजे. राहिली की नाही, हे तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

मी कोणाला कापत नाही. या दोन वर्षांत मी एकही डुक्कर जवळून पाहिलेलं नाही. पेशी कानाच्या कातडीच्या तुकड्यातून वाढवलेल्या आहेत. मांस खात नाही. कडक भाकरी संपल्या आहेत, त्या पाठवा.

आता लिंगाविषयी. आपल्यात सुतक पाळत नाहीत. बाळंतपणाचं नाही, मरणाचं नाही, पाळीचं नाही. अंगावर लिंग आहे त्याला विटाळ लागत नाही, हे मला तुम्ही शिकवलं. शाळेतल्या मैत्रिणी चार दिवस बाहेर बसायच्या, तेव्हा मी तुमचं हे वाक्य त्यांना ऐकवायची. त्यात डुकराचा अपवाद असेल तर तो मला तेव्हाच सांगायला हवा होता.

काम सोडणार नाही. लिंग उतरवणार नाही. पूजेला बसेन.

स्वामी नेमकं काय म्हणाले, ते त्यांच्या शब्दांत लिहून पाठवा.

दानेश्वरी

*

सोलापूर
२० नोव्हेंबर २०२५

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार असायचा तुझ्या. तोही तपासून कापलास का?

धाग्याचं कळलं. शेजारच्या मागवाल्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला पोरीला माग कळतो. पण दानू, धागा माणसाचा आणि चादर डुकराची, हे काय बरं दिसतं का?

स्वामींचे शब्द काय लिहायचे? मोठ्या माणसांचं बोलणं असं शब्दाशब्दाने उतरवून घेत नसतात. अर्थ घ्यायचा असतो.

मी रात्रभर विचार करून एक वाट काढली आहे. लोकांना सांगू, की तुझे अप्पा मूत्रपिंडाच्या आजाराने गेले आणि तेव्हापासून मुलीने व्रत घेतलंय, की दुसऱ्या कुणाचा बाप असा जाऊ नये. लोक डोळे पुसतील. मल्लप्पांची बहीण डायलिसिसवर आहे, तेही ऐकून घेतील. तुझं काम राहील, माझं दुकान राहील. तुला फक्त गप्प बसायचंय, आणि ते तुला येतंच.

भाकरी पाठवल्या आहेत. चटणी लसणीची घातली आहे, तुझी अव्वा म्हणाली तीच आवडते. डुकराचं तिला माहीत होतं हे मला आज तुझ्या पत्रातून कळतं. मी तिचा मोठा दीर, पंधरा वर्षं एका घरात राहतो आम्ही.

शंकरप्पा

*

वैराग
२६ नोव्हेंबर २०२५

दोडप्पांना नमस्कार.

अप्पा बार्शी रस्त्यावर ट्रकच्या धडकेने गेले. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं शेवटपर्यंत चांगली होती. शवविच्छेदनाचा अहवाल अव्वाच्या कपाटात आहे.

मी व्रत घेतलेलं नाही. हे काम मी करते कारण ते मला चांगलं येतं. माझ्या हातून जनुक ठरलेल्या जागी बसण्याचं प्रमाण आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त आहे. मी मुलगा असते तर एवढं कारण पुरलं असतं. कोणाच्या मुलाने डुकराच्या पेशींवर काम केलं असतं तर त्याच्यासाठी तुम्ही बापाचा आजार शोधला असतात का?

अप्पांचं मरण बदलून माझ्या कामाला पावित्र्य आणू नका. दोन्ही आहेत तशी ठीक आहेत.

रविवारी मी स्वामींना फोन केला. तुम्ही त्यांना काय विचारलंत आणि ते काय म्हणाले, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "मला कुणी काही विचारलंच नाही, बाळ. शंकरप्पा आले होते, चटणी देऊन गेले."

दानेश्वरी

*

सोलापूर
३ डिसेंबर २०२५

चि. दानेश्वरी,

विचारलं नाही. विचारायलाच गेलो होतो. दारात चपला काढल्या, चटणी दिली, पाया पडलो आणि परत आलो.

मी विचारलं असतं आणि स्वामी "बसू दे तिला" म्हणाले असते, तर मल्लप्पांना मी काय सांगणार होतो? ना म्हणाले असते तर तुझ्या अव्वाला काय सांगणार होतो? न विचारता दोन्हींकडचं निभत होतं. तू फोन केलास आणि माझी पंचाईत केलीस. या वयात पुतणीने वकिलासारखं धरावं, हे काही बरं नाही.

तरी माझं म्हणणं तेच आहे. तिकडे जायचं तर लिंग उतरवून जा. दोन्ही एका अंगावर नको.

शंकरप्पा

*

वैराग
१४ डिसेंबर २०२५

दोडप्पांना नमस्कार.

तुम्हाला बरं वाटेल अशी बातमी आहे. लिंग उतरव, असं आता इथेही सांगितलं आहे.

मी संपादित केलेल्या पेशींपासून तयार केलेले गर्भ तीन डुकरिणींच्या पोटात सोडले होते. त्यांतली एक गाभण राहिली, ती या महिन्याअखेरीला विणार आहे. पिल्लांच्या कानाचा नमुना जन्मतःच घ्यायचा असतो आणि तो मीच घ्यावा असं ठरलं आहे. त्यासाठी गोठ्यात जावं लागेल. गोठा म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येईल तसला नाही. आत जाणाऱ्याने अंगावरचं सगळं बाहेर काढायचं, डोक्यावरून आंघोळ करायची आणि पलीकडे ठेवलेले आतलेच कपडे घालायचे. घड्याळ, अंगठी, मंगळसूत्र, गंडा, काही चालत नाही. बाहेरचं अन्न चालत नाही. सर्दी झालेला माणूस चालत नाही. पुढे त्या डुकरांचे अवयव माणसात जायचे आहेत, म्हणून त्यांना आपला एकही जंतू लागता कामा नये.

गोठ्याचे प्रमुख, पशुवैद्य डॉ. बापूसाहेब, माझ्या गळ्यातला दोरा पाहून म्हणाले, "हे इथे खुंटीला ठेवून जायचं."

म्हणजे घरी लिंगाला डुकराचा विटाळ होतो आणि इथे डुकराला लिंगाचा. दोघांचंही सांगणं एकच आहे. मी दोघांनाही नाही म्हटलं आहे.

दानेश्वरी

*

सोलापूर
१९ डिसेंबर २०२५

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

खुंटीला? कोण तो खुंटीला ठेव म्हणणारा? मी उतरव म्हणालो ते देवघरात, पाटावर, फुलं वाहून. मी घरचा आहे, मी काहीही म्हणेन. त्याचा काय संबंध?

तुझं पत्र मंगळवारी आलं, बुधवारी मी टेम्पोत बसलो. तुला सांगितलं नाही. वैरागच्या पुढे तो माळ, ना झाड ना सावली, आणि तुमचं ते दुहेरी कुंपण. फाटकावर सांगोल्याकडचा एक पोरगा होता, बिरुदेव. अदबीने खुर्ची दिली. मग वही उघडून विचारतो, "अज्जा, तीन दिसांत डुकराजवळ गेला व्हता का?"

मी म्हणालो, अरे, सात पिढ्यांत गेलो नाही.

तो म्हणाला, "सात पिढ्यांचं नगं. तीन दिसांचं सांगा."

शुक्रवार पेठेतल्या शंकरप्पाला हा प्रश्न! नाही म्हणालो. त्याने 'नाही' लिहिलं. मग औषधाच्या पाण्यात चपलांसकट उभं केलं. धोतराचा काठ भिजला.

डॉ. बापूसाहेब बाहेर आले, पण चार हात लांबच उभे राहिले. मला वाटलं मान देतायत. नंतर कळलं, मी बाजारातून आलो म्हणून. मी विचारलं, तुमच्या डुकरांना आमच्या लिंगाचा विटाळ होतो काय? ते शांतपणे म्हणाले, "लिंगाचा नाही हो. माणसाचा होतो. तुमचा, माझा, सगळ्यांचाच." दानू, आजवर लोकांनी माझ्या दारात लांब उभं राहावं, हे मी पाहिलेलं. मला कोणी लांब उभं केलं नव्हतं. चहा दिला, तो प्यालो.

तुला बोलवू का म्हणाले. मी नको म्हणालो. काम चालू असेल.

पण तू उतरवायचं नाहीस, हे मी सांगून ठेवतो.

शंकरप्पा

*

वैराग
३१ डिसेंबर २०२५

दोडप्पांना नमस्कार.

रागीट अज्जा आले होते, हे मला बिरुदेवने त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही येण्याआधीच मी सुरक्षा समितीला लेखी विचारलं होतं. तुमच्या येण्याने निर्णय बदलला नाही. तरी आलात ते बरं वाटलं.

नियम मी पुन्हा वाचला. देवाची वस्तू बाहेर ठेवा, असं त्यात नाही. जी वस्तू निर्जंतुक करता येत नाही ती बाहेर ठेवा, असं आहे. चष्मा आत जातो. डॉ. बापूसाहेबांचा स्वतःचा जातो. ज्या वस्तूंना उष्णता सोसत नाही त्यांच्यासाठी भिंतीत जंतुनाशक वाफेची एक पेटी आहे, तिचं एक दार बाहेर उघडतं आणि एक आत. लिंगावरचं काळं लेपन उष्णतेने वितळलं असतं, या वाफेने वितळत नाही. आधी तसल्याच लेपनाच्या तुकड्यावर मी ते तपासून पाहिलं. लिंगाची चांदीची डबी बंद पिशवीत पेटीतून जाते, जुना दोरा बाहेर राहतो, आत नवा निर्जंतुक दोरा. समितीने मंजूर केलं. डॉ. बापूसाहेब म्हणाले, "चष्म्याचं मला सुचलं नसतं." हट्टी माणूस आहे, पण नियमाने पटवलं की पटतं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते. डबी पेटीत ठेवल्यापासून मी पलीकडे नाहून येईपर्यंत लिंग माझ्या अंगावर नसतं.

रविवारी पहाटे पिल्लं झाली. पाच. एक जन्मतः मेलेलं. चौघांच्या कानाचे नमुने घेतले. तीन पिल्लांत जनुक ठरलेल्या जागी आहे, आजूबाजूचं काहीही हललेलं नाही. चौथ्यात ते ठरलेल्या जागी आहेच, शिवाय आणखी एका ठिकाणी पडलं आहे. ते पिल्लू पुढच्या कामात घेणार नाही.

नमुना घेताना त्यातल्या एकाने माझं बोट चोखलं. त्यांचा रंग गुलाबी असतो, हे मला माहीत होतं. अंग इतकं ऊन असतं, हे नव्हतं.

गणाराधनेला सकाळी लवकर पोचेन.

दानेश्वरी

*

सोलापूर
८ जानेवारी २०२६

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

चष्म्याची गोष्ट मी दुकानात तीनदा सांगितली. डुकराचा भाग गाळून.

आता शांतपणे वाच. तू स्वतःच लिहिलंस की लिंग मधल्या वेळात अंगावर नव्हतं. मग ते गोठ्यातही जाऊन आलं. अंगावरून उतरलं तर पुन्हा विधीने बांधून घ्यायचं, हे आपल्यात आहेच की. मी या वेळी खरंच स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "तिला हवं असेल तर करू, नको असेल तर माझी अडचण नाही."

तर असं करू. तू आलीस की आधी स्वयंपाकघरात ये. दार लोटून घेऊ. विभूती, पाणी, दोन मंत्र. पाच मिनिटांत शुद्धी. बाहेर कुणाला कळणारही नाही. मल्लप्पांनी विचारलं तर मला "झालीय शुद्धी" म्हणता येईल, आणि कुणी तुझं काम विचारलं तर तू "औषधांचं" म्हण. तेही काही खोटं नाही.

एवढं माझ्यासाठी कर. चाळीस वर्षं या पेठेत मान खाली घालून धंदा केलाय.

शंकरप्पा

*

वैराग
११ जानेवारी २०२६

दोडप्पांना नमस्कार.

नको.

लिंग गळ्यातून काढलं म्हणून पुन्हा बांधायचं असेल तर मी सगळ्यांसमोर, पूजेच्या पाटावर बांधून घेईन. ते माझं आणि लिंगाचं. पण दार लोटून शुद्धी करायची म्हणजे डाग होता असं मी मान्य करायचं, आणि शिवाय तो लपवायचा. यातलं एकही करणार नाही.

औषधांचं काम मी करत नाही. कोणी विचारलं तर करते तेच सांगेन. विचारलं नाही तर सांगणार नाही. दोन वर्षं हेच करत आले.

हे मान्य नसेल तर तसं कळवा. मी येणार नाही. मग मी का आले नाही, ते विचारणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तोंडाने सांगायचं. अप्पांच्या मूत्रपिंडाचं नाव न घेता.

दानेश्वरी

*

सोलापूर
२ फेब्रुवारी २०२६

चि. दानेश्वरीस आशीर्वाद.

मी नको कळवलं नाही. तू आलीस, पूजेला बसलीस, संध्याकाळच्या गाडीने गेलीस. माझ्याशी धड बोलली नाहीस, मीही नाही. म्हणून पुन्हा कागद.

तुझं चुकलं असं मला अजूनही वाटतं. काशम्मा अक्कलकोटहून आलेली, म्हातारी, तिने पंगतीत सहज विचारलं, काय करतेस गं हल्ली? तू काहीही सांगितलं असतंस तर तिने मान डोलावली असती. तू आवाज न चढवता म्हणालीस, "डुकराच्या पेशींत माणसाचं जनुक ठरलेल्या जागी बसवते." मी तुपाचं भांडं घेऊन मधोमध उभा. काशम्मा म्हणाली, "म्हणजे डुकराचा माणूस करणार?" तू म्हणालीस, "नाही आजी. डुक्कर डुक्करच राहतं." म्हातारी म्हणाली, "मग बरंय," आणि गव्हाची हुग्गी कालवायला लागली.

पण मल्लप्पा उठले. त्यांच्याबरोबर तिघे. वाढलेली चार पानं तशीच.

दानू, आपल्यात पानात टाकत नाहीत. तो प्रसाद असतो. लहानपणी भाताचं शीत सांडलं तर माझे वडील मला उचलून खायला लावायचे. मी मल्लप्पांना तेवढंच म्हणालो, की मालक, माझ्या पुतणीचं काही का असेना, वाढलेलं पान टाकून कुठे चाललात? ते पायऱ्या उतरले. मग मी भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्या पानावर बसलो. माझा उपास होता. संबंध पान संपवलं. दुसऱ्या पानावर तुझी अव्वा येऊन बसली, कुणी सांगितलं नव्हतं. उरलेल्या दोहोंवर स्वामींनी दोन वाढप्यांना बसवलं, ते तू पाहिलंसच. दोन दिवस माझं पोट धरलं होतं.

काल त्यांचा निरोप आला. पुढच्या वर्षी ती बसणार नाही असं मी लिहून द्यावं, तर ते येतील. नाहीतर समाजातली पाच-पंचवीस घरं येणार नाहीत. निरोप आणणाऱ्याला मी चहा दिला आणि उत्तर दिलं नाही. या वेळी उत्तर न देता निभणार नाही, हे मला समजतंय.

काय लिहू, तूच सांग.

शंकरप्पा

*

वैराग
५ फेब्रुवारी २०२६

दोडप्पांना साष्टांग नमस्कार.

काहीही लिहून देऊ नका. तुम्ही लिहून देण्यासारखं त्यात काही नाही. बसायचं मला आहे. मल्लप्पांना मी आज स्वतंत्र पत्र टाकलं आहे. त्यात दोनच वाक्यं आहेत, माझं काम काय आणि मी पुढच्या वर्षी येणार. त्यांच्या बहिणीचा उल्लेख केलेला नाही. तो करून जिंकायचं नाही.

पंचवीस घरं आली नाहीत तर स्वयंपाक कमी करा. पोटाला जिरं घ्या.

तुम्ही त्या पानावर बसलात तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझं पान पुरं झालं नसतं.

पुढच्या वर्षी त्या वेळेला पिल्लं वर्षाची झालेली असतील. तोवर त्यांच्यात आणखी एक जनुक घालायचं काम सुरू होईल, त्याची जागाही ठरली आहे. मी अप्पांच्या तसबिरीसमोर बसेन. पंगतीत कोणी विचारलं, तर दोन्ही जनुकांची नावं सांगेन.

दानेश्वरी